दोन नद्यांच्या मधलं केरो



मी कराडचा. आमच्याकडे कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येतात, एकमेकींना भेटतात आणि मग पूर्वेकडे वळतात. त्या जागेला आम्ही प्रीतिसंगम म्हणतो. लहानपणापासून संगमावर खेळलो, त्यामुळे कुठेही दोन नद्या मिळतात असं ऐकलं की ते ठिकाण पाहावंसं वाटतं. आज तुम्हाला अशाच एका संगमावरच्या गावाची गोष्ट सांगणार आहे. ते गाव फार लांब आहे. अमेरिकेच्या इलिनॉय राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला, जिथे ओहायो नदी मिसिसिपीला मिळते, तिथे ते वसलं आहे.

गावाचं नाव इजिप्तच्या राजधानीवरून ठेवलेलं. इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग एकच. आपण इजिप्तच्या शहराला कैरो म्हणतो, या गावचे लोक मात्र आपल्या गावाला 'केरो' म्हणतात. मीही तसंच म्हणतो. मूळ अरबी नाव 'अल्-काहिरा', म्हणजे जिंकणारी, विजयी नगरी. पण गंमत पाहा, ज्या धातूपासून काहिरा झालं, त्याच धातूपासून 'कहर' हा शब्द झाला. तो आपण मराठीत रोज वापरतो. पावसानं कहर केला म्हणतो. या अमेरिकन केरोच्या वाट्याला विजय थोडा आला आणि कहर जास्त आला.

केरो हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते बी.ए.ला असताना, मार्क ट्वेनच्या 'हकलबरी फिन' या कादंबरीत. हक हा पोरगा आणि जिम हा पळालेला गुलाम एका तराफ्यावरून मिसिसिपीतून खाली चालले आहेत. त्यांना गाठायचं आहे केरो. तिथे तराफा विकायचा, आगबोट धरायची आणि ओहायो नदीनं वर, गुलामगिरी नसलेल्या मुलखात जायचं. जिमसाठी केरो म्हणजे मुक्तीचं दार. पण रात्री धुकं पडतं आणि केरो मागे राहून जातं. सकाळी काठाशी ओहायोचं स्वच्छ पाणी आणि पलीकडे मिसिसिपीचं गढूळ पाणी दिसतं, तेव्हा त्यांना कळतं की गाव हुकलं. ते हुकलेलं गाव माझ्या मनात राहून गेलं होतं.

माझी मुलगी सेंट लुईसला असते. २०२२ च्या ऑक्टोबरात तिच्याकडे गेलो तेव्हा म्हटलं, मला केरोला ने. ती म्हणाली, "अब्बा, तिथे बघायला काय आहे? कुणी जात नाही तिकडे." मी म्हटलं, म्हणूनच जाऊ या. अडीच-तीन तासांचा रस्ता. मक्याची आणि सोयाबीनची कापून झालेली शेतं दोन्ही बाजूंना. मग रस्ता एका बुटक्या बोगद्यात शिरतो आणि डोक्यावर एक अवजड लोखंडी दार टांगलेलं दिसतं. पूर आला की ते दार खाली सोडतात आणि गाव बंद होतं. आपल्या जुन्या गावांना वेस असायची, तशी ही वेस. फरक एवढाच की ही पाण्यासाठी आहे. उरलेल्या बाजूंनी बांध आणि काँक्रीटच्या भिंती. दोन प्रचंड नद्यांच्या मधल्या जिभेसारख्या जमिनीवर गाव वसवायचं, तर दुसरा उपाय नव्हता.

अशा ठिकाणी गाव वसवायची कल्पना व्यापाऱ्यांची. पहिला प्रयत्न १८१८ चा. नकाशावर शहर आखलं, बँकेची सनद मिळवली, पण शहर झालं नाही. १८३७ मध्ये नवी कंपनी निघाली. तिनं लंडनच्या बाजारात रोखे विकून पैसा उभा केला, बांध घातले, घरं बांधली. १८४० मध्ये लंडनची ती पेढीच बुडाली. कामकरी निघून गेले. दोन वर्षांनी, १८४२ च्या एप्रिलमध्ये चार्ल्स डिकन्स आगबोटीनं इथून गेला. दलदल, हिवताप आणि पडकी घरं पाहून त्यानं आपल्या प्रवासवर्णनात या गावाचे वाभाडे काढले. पुढच्या 'मार्टिन चझलविट' या कादंबरीतली 'ईडन' नावाची फसवी वसाहत त्याला केरोवरूनच सुचली असं मानतात. १८५० च्या जनगणनेत इथे माणसं होती २४२.

मग आली रेल्वे. १८५६ मध्ये इलिनॉय सेंट्रलची मुख्य लाइन पुरी झाली आणि तिचं दक्षिणेचं टोक होतं केरो. उत्तरेचा माल इथवर गाडीनं यायचा आणि पुढे बोटीनं दक्षिणेत जायचा. १८५८ मध्ये गावाला शहराचा दर्जा मिळाला. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, तेव्हा संगमाचं हे टोक ज्याच्या हाती त्याच्या हाती दोन्ही नद्या, हे उत्तरेच्या सरकारनं ओळखलं. सप्टेंबर १८६१ मध्ये जनरल ग्रँट इथे तळ देऊन बसला. पुढे तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. त्याची टेनेसीवरची पहिली मोठी मोहीम इथून निघाली. केरोचा विजयाचा काळ म्हणायचा तर तो हाच.

याच युद्धात कादंबरीतल्या जिमसारखी हजारो खरी माणसं केरोला पोचली. दक्षिणेतून सुटलेले गुलाम, बायकापोरांसह, बोटींवर बसून आले. इलिनॉय राज्यात गुलामगिरी नव्हती हे खरं, पण १८५३ च्या कायद्यानं काळ्या माणसाला या राज्यात वस्तीला यायलाच बंदी होती. तो कायदा १८६५ मध्ये रद्द झाला. आलेल्यांतले अनेक पुढे गेले, बरेच इथेच राहिले. त्यांनी गोदीत ओझी वाहिली, लाकूड कारखान्यांत आणि रेल्वेत काम केलं, शाळा आणि चर्च उभी केली. विसावं शतक उजाडलं तेव्हा गावात तिघांतला एकाहून अधिक माणूस काळा होता.

आता आकडे सांगतो. रेडिओवर आकडे ऐकायला कंटाळा येतो, पण या गावाची कहाणी आकड्यांतच आहे. १८६० मध्ये २,१८८ माणसं. १८८० मध्ये ९,०११. १९०० मध्ये १२,५६६. १९२० मध्ये १५,२०३. हे शिखर. मग उतार. १९५० मध्ये १२,१२३. १९६० मध्ये ९,३४८. १९७० मध्ये ६,२७७. २००० मध्ये ३,६३२. २०१० मध्ये २,८३१. आणि २०२० मध्ये १,७३३. शंभर वर्षांत दर नऊ माणसांतली आठ कमी झाली. ज्या अलेक्झांडर परगण्याचं हे मुख्य ठिकाण, त्या परगण्यानं २०१० ते २०२० या दहा वर्षांत एक तृतीयांशाहून जास्त लोक गमावले. टक्केवारीनं पाहिलं तर अमेरिकेतल्या कुठल्याही परगण्यापेक्षा ही घट मोठी होती.

गाव असं का ओसरलं? सोपं उत्तर व्यापाराचं आहे, आणि ते खोटं नाही. संगमाचं गाव जगतं ते माल उतरवून पुन्हा चढवण्यावर. १८८९ मध्ये ओहायोवर रेल्वेचा पूल झाला आणि डबे नावेत घालून पलीकडे न्यायची गरज संपली. पुढे मोटारींचे पूल झाले. १९७८ मध्ये नवा महामार्ग मिसिसिपी ओलांडून गेला तो गावाला बगल देऊन. पूल झाला की नावाड्याचं गाव मागे पडतं, हे आपल्याकडेही पाहिलेलं आहे.

पण एवढ्यानं समाधान होत नाही. ओहायोच्या काठावर थोडं वर पडुका आहे, मिसिसिपीच्या काठावर थोडं वर केप जिरार्डो आहे. तीही नदीवरचीच गावं. २०२० मध्ये पडुकात २७ हजार लोक होते आणि केप जिरार्डोत ३९ हजारांवर. पडुकाजवळ अणुइंधनाचा कारखाना आला, केप जिरार्डोला विद्यापीठ होतं, ही कारणं आहेतच. तरी केरोचं जे झालं ते नुसतं व्यापारानं झालेलं नाही. ते सांगायला जीभ जड होते, पण सांगायला हवं.

११ नोव्हेंबर १९०९ च्या रात्री विल जेम्स नावाच्या एका काळ्या माणसाला हजारोंच्या जमावानं भर चौकात, विजेच्या दिव्यांच्या झगमगाटात मारलं. त्याच्यावर एका गोऱ्या मुलीच्या खुनाचा आरोप होता, खटला मात्र झाला नव्हता. त्याच रात्री जमावानं तुरुंगातून एका गोऱ्या कैद्यालाही ओढून काढून मारलं. एकदा सवय लागली की जमाव रंगही पाहत नाही. कैद्याचं रक्षण न करणाऱ्या शेरीफची जागा इलिनॉयच्या १९०५ च्या कायद्यानं रिकामी झाली. त्यानं ती परत मागितली, तेव्हा आयडा बी. वेल्स ही काळी पत्रकार स्त्री शिकागोहून केरोला आली. तिनं गावात फिरून माहिती गोळा केली आणि गव्हर्नरपुढे उभं राहून बाजू मांडली. शेरीफला जागा परत मिळाली नाही. केरोच्या इतिहासातला तिचा तो फेरा मला ग्रँटच्या तळापेक्षा मोठा वाटतो.

पुढे १९६२. गावात पोहण्याचा तलाव होता. 'खासगी क्लब' अशी त्याची ओळख सांगून काळ्या मुलांना तिथे मज्जाव होता. त्या उन्हाळ्यात मुलांनी तलावासमोर निदर्शनं केली. त्यांच्यात बावीस वर्षांचा जॉन लुईस होता, जो पुढे अनेक वर्षं अमेरिकेच्या संसदेत बसला आणि २०२० मध्ये वारला. तलावाबाहेर रस्त्यावर गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या त्या मुलांचा, डॅनी लायन या छायाचित्रकारानं टिपलेला फोटो जगभर गेला. महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्या मराठी माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. शेवट मात्र वेगळा झाला. तलाव सगळ्यांना खुला करण्यापेक्षा १९६३ मध्ये तो बंद करण्यात आला आणि पुढे त्यात काँक्रीट ओतून तो बुजवून टाकला. इलिनॉयच्या त्या उकाड्यात आता गोऱ्या पोरांनाही पोहायला जागा राहिली नाही.

जुलै १९६७ मध्ये सुटीवर आलेला रॉबर्ट हंट हा एकोणीस वर्षांचा काळा सैनिक पोलिस कोठडीत गळफास लागलेला सापडला. पोलिस म्हणाले आत्महत्या. काळ्या वस्तीनं ते मानलं नाही. दंगल झाली, राज्याचं सैन्य आलं. गोऱ्यांनी आपली सशस्त्र गस्त उभी केली. १९६९ मध्ये काळ्या लोकांनी 'युनायटेड फ्रंट' स्थापन करून गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार घातला. मागणी साधी होती : आमचे पैसे घेता, तर आमच्या मुलांना दुकानात कामालाही घ्या. बहिष्कार कित्येक वर्षं चालला. रात्री गोळीबार व्हायचे. काळ्या मुलाला गल्ल्यावर बसवण्यापेक्षा अनेक दुकानदारांनी दुकानाला कुलूप लावणं पसंत केलं. मघाचे आकडे आठवा. १९६० मध्ये ९,३४८ आणि १९७० मध्ये ६,२७७. दहा वर्षांत दर तीन माणसांमागे एक गेला. त्या दहा वर्षांत गावात पूर शिरलेला नव्हता.

हे बोलताना मला माझीच एक जुनी आठवण येते. शिकायला शहरात गेलो तेव्हा भाड्यानं खोली शोधत होतो. एका घरी खोली दाखवली, भाडं ठरलं, आणि मी नाव सांगितल्यावर मालक म्हणाले, "अरेरे, सकाळीच दुसऱ्याला दिली की हो." महिनाभरानं पाहिलं तर 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी तशीच. मला पुढे एका विधवा आजींनी जागा दिली. त्या मला 'पोरा' म्हणायच्या आणि संकष्टीला मोदक ठेवायच्या. पाटी लावून रिकाम्या राहिलेल्या त्या खोलीचा मला फार दिवस राग होता. केरोची कमर्शियल अॅव्हेन्यू पाहिली तेव्हा राग गेला, भीती वाटली. एक खोली रिकामी ठेवणं आणि एक गाव रिकामं होणं, यांत फारसं अंतर नाही.

नदीनं मात्र केरोची परीक्षा शेवटपर्यंत घेतली. १९३७ चा महापूर गावानं भिंतींच्या आड तगून काढला. २०११ मध्ये पाणी ६१ फुटांच्या वर गेलं. भिंतीखालून झरे फुटू लागले, लोकांना गाव सोडायला सांगितलं. वाचवायचा एकच मार्ग होता. पलीकडच्या मिसुरी राज्यातला बर्ड्स पॉइंटचा बांध सुरुंगानं उडवायचा आणि पाणी शेतांत सोडायचं. १९२८ च्या पूरनियंत्रण कायद्यातच तशी तरतूद होती. मिसुरी राज्य कोर्टात गेलं. तिथल्या विधानसभेच्या सभापतींना पत्रकारांनी विचारलं, शेती बुडालेली बरी की केरो? ते म्हणाले, केरो. नंतर त्यांनी माफी मागितली. मराठी कानाला केरो शब्दात 'केर' ऐकू येतो. पण माणसांचं गाव असं केरासारखं लोटून देता येत नाही. २ मेच्या रात्री बांध उडवला, सुमारे १ लाख ३० हजार एकर जमीन पाण्याखाली गेली आणि केरो वाचलं. त्या पाण्यात पिनहूक नावाचं मूठभर घरांचं खेडंही गेलं. काळ्या शेतकऱ्यांनी वसवलेलं. ते त्या जागी पुन्हा उभं राहिलं नाही. एका गावाच्या जिवाची किंमत दुसऱ्या गावानं मोजली. तेही गरिबांचंच होतं.

वाचलेल्या केरोतून माणसं तरीही जात राहिली. २०१५ मध्ये किराणामालाचं मोठं दुकान बंद झालं. २०१७ मध्ये केंद्र सरकारनं दोन सरकारी चाळवजा वसाहती राहण्याजोग्या नाहीत म्हणून बंद करायचं ठरवलं. तिथे सुमारे चारशे माणसं राहत होती. त्यांत निम्म्याच्या आसपास मुलं. वर्षानुवर्षं दुरुस्ती झाली नव्हती. भाड्याला दुसरी घरं गावात नव्हती. शाळेतली मुलं आईबापांबरोबर दुसऱ्या गावी गेली. २०२० चा १,७३३ हा आकडा वाचताना ती मुलं डोळ्यांपुढे आणावी लागतात.

आम्ही गेलो तेव्हा मुख्य रस्त्यावर माणूस नव्हता. विटांच्या देखण्या इमारती, काही छप्पर कोसळलेल्या, काहींच्या जागी नुसतं गवत. पिठाच्या एका व्यापाऱ्यानं बांधलेला चौदा खोल्यांचा वाडा मात्र टापटीप होता. संगमाच्या टोकाला गेलो. त्या वर्षी पाणी फार खाली उतरलं होतं, वाळू उघडी पडली होती. पण ट्वेननं लिहिलेले दोन रंग तसेच होते. मिसिसिपी मातकट, ओहायो तिच्या मानानं नितळ. बराच वेळ दोन्ही शेजारी शेजारी वाहतात, मिसळत नाहीत. इथे ओहायो पाणी जास्त आणते, पण पुढे नाव चालतं ते मिसिसिपीचं. आमच्या कोयनेची आठवण झाली.

मग गावच्या वाचनालयात गेलो. अॅना सॅफर्ड या बाईंनी नवऱ्याच्या आठवणीसाठी १८८४ मध्ये बांधून दिलेली ती इमारत. दर्शनी भिंतीत दोन कोनाडे आहेत आणि दोन मूर्ती. एक क्लिओ, म्हणजे इतिहासाची देवता. दुसरी कॉन्कॉर्डिया, म्हणजे सलोख्याची. बांधणाऱ्यांनी दोघींना शेजारी बसवलं. आतल्या बाईंनी आम्ही कुठले, कसे आलो, सगळं अगत्यानं विचारलं. मी कराडचं नाव सांगितलं, तिथेही दोन नद्या मिळतात म्हटलं. त्यांनी विचारलं, तुमच्या गावात माणसं किती? मी म्हटलं, पन्नास हजारांच्या वर. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला त्यात असूया नव्हती. जणू आपल्याच कुणाची खुशाली कळली.

केरो संपलेलं नाही. २०२० मध्ये राज्य सरकारनं नदीवरच्या नव्या बंदरासाठी चार कोटी डॉलर जाहीर केले. २०२३ मध्ये लोकांनी सहकारी तत्त्वावर किराणा दुकान सुरू केलं. असं दुकान टिकवणं किती कठीण असतं हे सहकाराच्या महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. पण दुकान सगळ्यांचं असावं, हे तिथे म्हटलं गेलं, हेच मला मोठं वाटतं. साठ वर्षांपूर्वी तेवढंच तर मागितलं होतं.

गाडीत बसताना मुलगी म्हणाली, "अब्बा, आता लिहाल यावर कविता." कविता काही झाली नाही. परत जाताना ते लोखंडी दार पुन्हा डोक्यावरून गेलं. एवढं जाडजूड दार, एवढ्या उंच भिंती. मला वाटलं, बाहेरच्या पाण्याला अडवायची विद्या या गावानं पुरी साधली. आतल्या माणसाला थांबवून ठेवायची विद्या साधी होती. त्याला जागा द्यायची, काम द्यायचं, पोरांना एका पाण्यात पोहू द्यायचं. ती तेवढी राहून गेली. दोन नद्या तिथे अजून रोज मिळतात. माणसांनाही तिथे जमावं, एवढीच माझी प्रार्थना.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)